वेगळ्या आकाराची गिटार घेताय? आधी मांडीवर घेऊन बघा

भीमजयंतीचा कार्यक्रम असो, गणपतीचा मांडव असो की लग्नाचा ऑर्केस्ट्रा, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि ढोलकीच्या शेजारी लीड गिटारवाला उभा असतो. अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या भागात हौसेनं गिटार शिकणारी पोरंपोरीही दिसतात. पहिली गिटार बहुतेकांची साधीच असते, दोन शिंगांची. हात बसला की मोबाइलवरची ती दुसरी गिटार खुणावायला लागते: बाणासारखी टोकदार, तिरपी, काटेरी किंवा चक्क डोकंच नसलेली. अडचण एवढीच, की ती हातात घेऊन बघायची तर छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावं लागतं, आणि तिथंही हवा तोच आकार भिंतीवर टांगलेला असेल याची खात्री नाही. मग निर्णय फोटोवर होतो. ती मांडीवर कशी बसते, दोन तास गळ्यात अडकवल्यावर खांदा काय म्हणतो आणि साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून ती कशी वाजते, हे फोटोत दिसत नाही.

म्हणून एक वाटणी आधीच मनात पक्की करा. आकारामुळं गिटारचं दिसणं बदलतं आणि बसणं बदलतं. आवाज मात्र आकारामुळं फार थोडा बदलतो. तेव्हा आकार निवडताना डोळ्याचं आणि खांद्याचं ऐका, आवाज निवडताना पिकअप बघा. या दोन गोष्टींची गल्लत केली की पैसे एका कारणासाठी जातात आणि तक्रार दुसऱ्याच कारणानं सुरू होते.

हे आकार आले कुठून

१९५० च्या दशकात फेंडर कंपनीच्या गिटारी नव्या जमान्याच्या वाटत होत्या आणि जुनी, नावाजलेली गिब्सन कंपनी म्हातारी ठरू लागली होती. गिब्सनचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी त्यावर उत्तर म्हणून १९५८ मध्ये दोन धाडसी आकार बाजारात आणले: इंग्रजी व्ही अक्षरासारखी फ्लाइंग व्ही आणि तिरक्या चौकोनासारखी एक्सप्लोरर. दोन्ही कोरिना नावानं विकल्या जाणाऱ्या फिकट आफ्रिकी लाकडाच्या होत्या. त्या काळी दोन्ही साफ पडल्या. १९५८ आणि १९५९ मिळून कंपनीच्या नोंदीत फ्लाइंग व्हीचा आकडा शंभरालाही पोचत नाही. एक्सप्लोरर तर त्याहून कमी. आज त्याच मूळ गिटारी संग्राहकांच्या बाजारात सगळ्यात महाग गिटारींमध्ये मोजल्या जातात.

व्ही म्हणजे मेटलवाल्यांचीच गिटार, असा समज आहे. पण तिला पहिली ओळख मिळवून देणाऱ्यांत अल्बर्ट किंग हा ब्लूज वाजवणारा होता. तो डावखुरा, उजव्या हाताची व्ही उलटी धरून वाजवायचा. जिमी हेंड्रिक्सच्या हातातही ती होती. एक्सप्लोरर पुढं यूटूच्या द एजनं आणि मेटालिकाच्या जेम्स हेटफिल्डनं घराघरांत पोचवली. या दोघांचं वाजवणं एकमेकांपासून किती लांब आहे हे कानाला कळतं. एकच आकार दोन टोकांच्या संगीतात चालतो, यातच आवाजाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

१९६३ मध्ये गिब्सननं रे डीट्रिक या मोटारींच्या बॉडी आखणाऱ्या कारागिराकडून फायरबर्ड आखून घेतली. सत्तरच्या दशकात जपानच्या आयबानेझनं खालच्या अंगाला आकडा असलेली आइसमन काढली, तर अमेरिकेत बी. सी. रिचनं मॉकिंगबर्ड आणि नंतर काटेरी वॉरलॉक आणली. डीन कंपनीची एमएल ही व्ही आणि एक्सप्लोरर यांचं कलम करून तयार झालेली. ऑझी ऑस्बॉर्नचा गिटारवादक रँडी ऱ्होड्स यानं ग्रोव्हर जॅक्सनकडून एक पंख लांब आणि एक आखूड अशी व्ही करून घेतली. १९८२ मध्ये तो विमान अपघातात गेला, पण तो आकार त्याच्याच नावानं आजही विकला जातो. आणि १९८० च्या सुमारास फर्निचर आखणाऱ्या नेड स्टाइनबर्गरनं गिटारचं डोकंच काढून टाकलं, चाव्या ब्रिजपाशी नेल्या. आज बाजारात मिळणारी बहुतेक स्वस्त 'हटके' गिटार यापैकीच कशाची तरी नक्कल असते. म्हणून ओळख यांचीच करून घेऊ.

आवाज आकारातून येत नाही

आपल्याकडच्या बँजो पार्टीतला बँजो आठवा. मूळचा तो जपानी ताइशोगोतोच्या कुळातला बुलबुलतरंग. नुसता वाजवला तर खोलीभर ऐकू येईल एवढाच. त्याला पिकअप बसवून गाडीवरच्या ॲम्पला जोडला की चौक दणाणतो. तो आवाज पेटीच्या आकारानं मोठा केलेला नसतो. तारेचं कंपन पिकअप पकडतं आणि पुढचं काम विजेचं असतं. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारचंही तसंच. ॲकॉस्टिक गिटारमध्ये पोकळ पेटीचा आकार म्हणजेच आवाज असतो. इथं तसं नाही.

मग आवाज ठरवतं काय? महत्त्वाच्या क्रमानं सांगायचं तर पिकअपचा प्रकार आणि जागा, पुढं जोडलेला ॲम्प किंवा प्रोसेसर, तारांची जाडी, नट ते ब्रिज हे अंतर म्हणजे स्केल, आणि तुमची बोटं. लाकडानं किती फरक पडतो यावर गिटारवाले रात्र रात्र भांडतात. मांडवातल्या स्पीकरमधून तो फरक ओळखणारा माणूस विरळा. व्हीचे पंख कापून तिची चौकोनी पाटी केली तरी तेच पिकअप, तोच ब्रिज आणि तेच स्केल ठेवल्यास समोर बसलेल्याला फरक कळायचा नाही. बो डिडलीनं तर खरोखरच चौकोनी गिटार वाजवून नाव कमावलं.

स्केल मात्र जरूर विचारा. गिब्सन घराण्यात ते २४.७५ इंच, म्हणजे सुमारे ६२९ मिलिमीटर असतं. फेंडर पद्धतीत २५.५ इंच, सुमारे ६४८ मिलिमीटर. जॅक्सनची ऱ्होड्स दुसऱ्या पद्धतीची आहे. स्केल लहान असलं की त्याच तारा थोड्या सैल लागतात, बेंड सोपा जातो. स्केल मोठं असलं की तार ताठ, उत्तर चटकन मिळतं आणि तारा अर्धा-एक सूर खाली लावल्या तरी लोंबत नाहीत.

आपल्या भागात पिकअपच्या निवडीला आणखी एक कारण आहे: घरघर. सिंगल कॉइल पिकअप पन्नास हर्ट्झच्या विजेची गुणगुण उचलतं. मांडवातल्या लाइटा, डिमर, जनरेटर आणि नावापुरतं अर्थिंग एकत्र आलं की दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत ती घरघर माइकवाल्याच्या आवाजाशी स्पर्धा करते. हंबकरमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळं बाहेरून आलेला विजेचा गोंगाट बऱ्याच अंशी एकमेकांना छेदून जातो. वेगळ्या आकाराच्या बहुतेक गिटारींत हंबकरच असतात, ही त्यांची न मिरवलेली जमेची बाजू. ॲक्टिव्ह पिकअप असतील तर नऊ व्होल्टची बॅटरी लागते. वाजवून झाल्यावर जॅक काढून ठेवला नाही तर ती आपोआप उतरते.

आणि एक सूचना आवाजाची नाही, जिवाची. तारांना हात लावलेला असताना ओठ माइकला लागले आणि झिणझिणी आली, तर गाणं तिथंच थांबवा. अर्थिंग तपासून घ्या, सगळ्यांचे प्लग एकाच अर्थिंगवर आणा. घरघर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका.

आराम: मांडी, खांदा आणि मनगट

खरी तुलना इथं आहे. गिटारचा बराचसा वेळ मंचावर जात नाही, तो घरी बसून रियाज करण्यात जातो. त्यामुळं पहिली चाचणी बसून. खुर्चीवर बसा, गिटार मांडीवर घ्या आणि डावा हात काढून घ्या. ती जागेवर राहिली तर ठीक. घसरली किंवा नेक जमिनीकडं गेली, तर डावा हात सूर धरण्याआधी गिटार धरण्यातच थकणार.

दुसरी चाचणी उभं राहून. पट्टा लावा, दोन्ही हात सोडा. नेक आडवी किंवा किंचित वर राहायला हवी. झपकन खाली गेली तर ती गिटार पुढं जड आहे. साध्या दोन शिंगांच्या गिटारचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटपर्यंत पुढं आलेलं असतं आणि पट्ट्याचं बटण त्याच्या टोकाला असतं, म्हणून ती तोल धरते. वेगळ्या आकारांत ते शिंगच नसतं. बटण नेकच्या बुडाशी किंवा मागं जातं आणि तोल बिघडतो.

तिसरी गोष्ट वजन. साडेतीन ते चार किलो हे नेहमीचं वजन समजा. साडेचारच्या पुढं गेलं की दोन तासांच्या कार्यक्रमात खांदा बोलू लागतो.

आता एकेक आकार घेऊ.

फ्लाइंग व्ही. बसून वाजवायला अवघड, ही तिची बदनामी आहे आणि ती अर्धी खरी आहे. साध्या गिटारसारखी उजव्या मांडीवर टेकवली तर ती घसरतेच. मूळच्या १९५८ च्या व्हीच्या खालच्या कडेला म्हणूनच रबरी पट्टी लावलेली होती. तिची खरी बैठक वेगळी आहे. दोन पंखांमधली खाच उजव्या मांडीवर चढवायची, खालचा पंख दोन मांड्यांच्या मध्ये सोडायचा. नेक आपोआप वर उचलली जाते, क्लासिकल गिटारवाले धरतात तशी, आणि डावं मनगट सरळ राहतं. काहींना ही बैठक इतकी मानवते की साधी गिटार नकोशी होते. उभं राहून व्ही हलकी वाटते आणि वरच्या फ्रेटपर्यंत हात अडथळ्याशिवाय पोचतो. सोलो वाजवणाऱ्याला हा मोठाच फायदा. मात्र उजव्या हाताला टेकायला फारसं लाकूड नसतं, त्याची सवय करावी लागते.

एक्सप्लोरर. गळ्यात अडकवल्यावर ती बऱ्यापैकी तोल धरते, कारण मागचा लांब कोपरा वजन सांभाळतो. बसल्यावर मात्र तिचा पसारा जाणवतो. उजवं कोपर वर उचललं जातं, आणि उंची कमी असेल तर नेक डावीकडं लांब गेल्यासारखी वाटते. अंगापिंडानं उंच माणसाला ती शोभते आणि सोसते. किरकोळ अंगाच्या मुलामुलींनी आधी हातात घ्यावी, मगच पैसे द्यावेत.

फायरबर्ड. दिसायला देखणी, पण लांब आणि बहुधा पुढं जड. आतून खरबरीत असलेला रुंद कातडी पट्टा वापरला तर नेकचं घसरणं कमी होतं, थांबत नाही.

वॉरलॉक आणि तत्सम काटेरी आकार. लांबून सगळ्यात भारी दिसतात. जवळ घेतल्यावर एखादा काटा मांडीला, एखादा बरगडीला लागतो. नेक खाली जाण्याची तक्रारही यांच्याबद्दल जास्त ऐकू येते. एमएलचं तसं नाही: मागं व्हीसारखी खाच असल्यानं ती व्हीच्याच बैठकीत बसवता येते. ऱ्होड्सच्या बाबतीतही तेच.

मॉकिंगबर्ड आणि आइसमन. वेगळेपण हवं आणि कंबरही सांभाळायची, अशांनी इकडं बघावं. दोन्हींना मांडीवर टेकायला सरळसोट जागा आहे आणि हाताला आधार आहे. त्याहूनही सबुरीनं जायचं असेल तर दोन टोकदार शिंगांची, पातळ बॉडीची गिब्सनची एसजी आहेच. ती आता कुणाला विचित्र वाटत नाही, पण मंचावर उठून दिसते. फक्त तिच्यातही नेक किंचित खाली जाते, हे धरून चाला.

हेडलेस. डोकं नाही म्हणजे पुढचं वजन नाही, त्यामुळं नेक खाली जाण्याचा प्रश्नच मिटतो. लांबीही कमी. रियाजाला, प्रवासाला आणि पाठदुखी असलेल्यांना हा सगळ्यात सुखाचा आकार. मात्र तारा कशा लागतात हे आधी विचारून घ्या. स्टाइनबर्गर पद्धतीच्या काही गिटारींना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात; त्या तालुक्याच्या गावी मिळणं कठीण. साध्या तारा चालणारी हेडलेस घेतली की तो ताप नाही.

मंचावर कोणती शोभते

रूपासाठी गिटार घेणं यात कमीपणा काही नाही. आपल्याकडं वाजवणाऱ्याचं वाद्य सजलेलंच असतं. बँजो पार्टीची गाडी लायटिंगशिवाय निघत नाही. पण रूप कुठून बघितलं जाणार याचा विचार करा. मांडवात पहिली रांगही दहा-पंधरा फुटांवर असते. तिथून लाकडाची रेघ किंवा पिकअपचा रंग दिसत नाही, दिसते ती बाह्यरेषा. व्ही आणि एक्सप्लोररची रेषा अंधारातही ओळखू येते. वॉरलॉकचे बारीक काटे लांबून एकमेकांत मिसळून जातात. काळ्या पडद्यासमोर काळी गिटार हरवते; पांढरी, लाल, पिवळी उठून दिसते.

दुसरा विचार जागेचा. ऑर्केस्ट्राच्या मंचावर आठ-दहा माणसं, दोन कीबोर्ड, पॅड, मॉनिटर आणि जमिनीवर लीडांचं जाळं असतं. वळताना व्हीचा मागचा पंख ढोलकीवाल्याच्या खांद्याला लागू शकतो आणि एक्सप्लोररचा कोपरा माइकचा स्टँड पाडू शकतो. जागा दाटीची असेल तर आखूड आकार बरा. आणि कार्यक्रम कोणता हेही बघा: मेटलच्या मंचावर शोभणारी काटेरी गिटार भक्तिगीतांच्या संध्याकाळी आयोजकाच्या कपाळावर आठ्या आणू शकते. दोन्हीकडं वाजवणार असाल तर एसजी, मॉकिंगबर्ड किंवा साध्या रंगातली हेडलेस खपून जाते.

ऊन, एसटी आणि पिशवी

वेगळ्या आकाराची गिटार घेतल्यावर पहिला खर्च पिशवीचा. साध्या गिटारच्या पिशवीत व्ही, एक्सप्लोरर किंवा वॉरलॉक बसत नाही. जबरदस्तीनं कोंबली तर चेन जाते नाहीतर पंखाचं टोक झडतं. तिच्याच मापाची पिशवी किंवा पेटी सोबत मिळते का, हे किमतीइतकंच आवर्जून विचारा. एसटीत डोक्यावरच्या रॅकवर एक्सप्लोरर ठेवायचा विचारही नको. हेडलेस मात्र मांडीवर घेऊन निवांत जाता येतं.

स्टँडचंही तसंच. व्ही भिंतीला टेकवून ठेवली की आज ना उद्या पडणार. नेकला धरून लटकवणारा स्टँड किंवा भिंतीवरचा हुक घ्या. पडल्यावर सगळ्यात आधी तुटतं ते नटच्या मागचं लाकूड. ज्या गिटारींचं डोकं मागं झुकलेलं असतं त्यांत तिथंच लाकूड पातळ असतं आणि नेक सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडसाठी पोखरलेलंही असतं.

एप्रिल-मे मध्ये बीडचा पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. फ्रेटबोर्डचं लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला खरवडतात. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत गिटार ठेवू नका. पिशवीत ओलसर स्पंजाची छिद्रं पाडलेली डबी ठेवा, रोझवूडच्या फ्रेटबोर्डला अधूनमधून फ्रेटबोर्डचं तेल हलकं पुसा. पावसाळा लागला की नेक पुन्हा हलते, तेव्हा ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची, तपासून घ्या. ट्रस रॉड फिरवायचाच असेल तर एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको.

आणखी एक सल्ला: फ्लॉइड रोझ पद्धतीचा ट्रेमोलो, म्हणजे दांडीनं हलणारा ब्रिज, लांबच ठेवा. अनेक काटेरी गिटारींवर तो दिमाखात बसलेला असतो. एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, आणि मंचावर एका गाण्याच्या अवधीत तो पुन्हा लावणं जमत नाही. जवळ दुरुस्तीवाला नसताना स्थिर ब्रिजच बरा.

घेताना काय बघायचं

दुकानात जाणार असाल तर स्वतःचा पट्टा आणि लीड घेऊन जा. तिथं दहा मिनिटं बसून आणि दहा मिनिटं उभं राहून वाजवा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. मुंबईला जाणं होत असेल तर धोबी तलावचं फुर्टाडोज हे १८६५ पासूनचं दुकान बघून यावं. तिथं विकत काही घेतलं नाही तरी दोन-चार आकार अंगाला लावून बघता आले तर मुंबईची फेरी सार्थकी लागली.

जाणं शक्य नसेल तर पुण्यात शिकायला असलेल्या भावाला, मैत्रिणीला कामाला लावा. व्हिडिओ कॉलवर त्यांना गिटार गळ्यात अडकवून दोन्ही हात सोडायला सांगा. नेक कुठं जाते ते तुम्हाला इथून दिसेल, तेही दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता. ऑनलाइन घेताना वजन, स्केल, ब्रिजचा प्रकार आणि परत करण्याची मुदत लेखी बघा. वजन दिलेलंच नसेल तर विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या दुकानाकडं वळा.

जुनी गिटार घेत असाल तर नटच्या मागं उजेड तिरका पाडून रंगाखाली केसासारखी रेघ आहे का बघा. ती जोडलेल्या डोक्याची खूण असू शकते. डोक्याकडून नेकच्या कडेवर नजर लावून ती पिळलेली नाही ना ते तपासा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. व्हॉल्यूमचा खुंटा फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ते साफ होतं. पट्ट्याचं बटण आधीच्या मालकानं हलवलं असेल तर जुनं भोक नीट बुजवलं आहे का बघा. तुम्हाला स्वतःला हलवायचं असेल तर आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू बसवा, नाहीतर लाकूड फाटतं.

कुणी काय घ्यावं

पहिलीच गिटार असेल आणि रियाज बसून होत असेल तर एसजी, मॉकिंगबर्ड किंवा आइसमन. सतत प्रवास, लहान खोली किंवा पाठीचं दुखणं असेल तर हेडलेस. घरात एक साधी गिटार आधीच असेल आणि मंचासाठी दुसरी हवी असेल तर व्ही बिनधास्त घ्या. ती नव्या बैठकीची सवय मागते, पण बदल्यात वरच्या फ्रेटची मोकळीक देते. अंगानं उंच असाल, रिदम जास्त वाजवत असाल तर एक्सप्लोरर. वॉरलॉक आणि फायरबर्ड गळ्यात अडकवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

खिशातल्या रकमेचे आधीच वाटे करा: गिटार, तिच्या मापाची पिशवी, चांगला पट्टा, तारांचे दोन जादा सेट आणि जाणकाराकडून एकदा सेटअप. सगळं बसत नसेल तर गिटार एक पायरी स्वस्तातली घ्या, पण पिशवी आणि सेटअप यादीतून काढू नका.